पालट फेरी

११ जुलै

चहात साखर घालायची राहिली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. नाना आणि देवश्री भांडत होते.

सासरे आणि नणंद, आणि विषय तोच — तिकडे इस्रायलात सुरुवात कोणी केली. नाना म्हणाले, "सात ऑक्टोबरले पोट्टे नाचून राहिले होते. त्यायले घरात घुसून मारलं. मले सांग, याच्यात कब्जा कुठून आला?" देवश्री नेहमीप्रमाणे हिंदीत — "नाना, कैलेंडर उसी दिन से क्यों शुरू होता है?" ती इथे रायपूरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकते, म्हणून अठ्ठेचाळीस सालापासून सुरू करते. नानांचे मित्र बाबाराव आले की थेट दोन हजार वर्षं मागे जातात. ज्याची त्याची तारीख. माझी तेरा जून. त्या दिवशी इराणची क्षेपणास्त्रं तिकडे पडायला लागली आणि तिथे बांधकामावर गेलेल्या माझ्या नवऱ्याचा, परागचा, फोन लागेना. दोन दिवसांनी लागला. "ठीक आहो मी. तू जेवली का?"

तेव्हा मी रडायला हवं होतं. नाही रडले. तेव्हापासून आत काही हलतच नाही. भूक लागते, झोप येते, एवढंच.

नोव्हेंबरात त्याचा करार संपतो. नवरा परत येणार की पुढची सही करणार, तो सांगत नाही आणि मी विचारत नाही. "त्याच्या डोक्याले ताप नको देऊ," नाना म्हणतात. बरं.

१४ जुलै

आज काहीच झालं नाही. वाटलंही नाही.

२२ जुलै

मी धरमकाट्यावर, ट्रकच्या वजनकाट्यावर, कामाला असते तेव्हाच परागची जेवणाची सुट्टी होते. बाहेर सळई भरलेले ट्रक, काचेवर उरल्याच्या कारखान्यांची काळी धूळ, आणि फोन स्पीकरवर. भरलेला ट्रक तोला, रिकामा तोला, पावती द्या, मधे मधे नवरा.

आज त्याने नबीलचं सांगितलं. पराग ज्या जागेवर सळई बांधतो, ती या नबीलची जागा. वेस्ट बँकेतल्या एका गावचा माणूस, कित्येक वर्षं त्याच ठेकेदाराकडे होता. युद्ध सुरू झालं, त्या सगळ्यांचे परवाने बंद झाले आणि त्यांच्या जागी भारतातून आपली माणसं गेली. "त्याच्या जागेवर मी आहो, समजली?" मी हव म्हटलं. मग आवाज खाली आणून म्हणाला — नबील अजून येतो. मधली सरहद्दीची भिंत चढून, बिनपरवान्याचा. तळघरात काम करतो, तिथेच झोपतो, वर येतच नाही. ठेकेदार पाहून न पाहिल्यासारखं करतो. जोवर कोणी बोलत नाही तोवर चालतं. पराग त्याला पाणी आणि भाजी खाली नेऊन देतो.

"तो एका हातानं गाठ मारते. मले अजून दोन्ही लागते," म्हणाला. कौतुकच होतं आवाजात.

आणि वरच्या मजल्यावर एक इंजिनिअर आहे. त्याची बहीण सात ऑक्टोबरला मारली गेली. तो जेवताना कुणाशी बोलत नाही. कुठे पाटी जोरात पडली तरी भिंतीला पाठ लावून उभा राहतो. पराग रोज त्याला गुड मॉर्निंग करतो. तो मान हलवतो.

"नानाले नको सांगू," पराग म्हणाला. नानांना कोण सांगतंय? त्यांना ऐकायचं कुठे असतं!

५ ऑगस्ट

बाबाराव संध्याकाळी आले. इथल्या मराठी मंडळाचे सचिव म्हणून आले की चप्पल जरा जोरात वाजते. गणपतीतल्या वादविवाद स्पर्धेचा विषय ठरला — "इस्रायल-पॅलेस्टाईन हिंसेचे मूळ: दहशतवाद की कब्जा?" एक वक्ता कमी पडतोय.

"रूपाली, तू बोल. पराग तिथं आहे, तुले आतलं माहीत."

"मला काही माहीत नाही, काका."

"मंग तर उत्तमच. निष्पक्ष राहशील."

आमच्या मंडळाची एक रीत आहे. पहिल्या फेरीत एका बाजूने बोलायचं आणि चहानंतर त्याच माणसाने उलट बाजूने. तिला पालट फेरी म्हणतात. जो दोन्ही बाजू सारख्या जोराने मांडेल त्याला ढाल. आणि नियम असा की व्यासपीठावरचं बोलणं बाजूचं असतं, माणसाचं नसतं. ते घरी आणायचं नाही, त्यावरून कुणाला विचारायचं नाही. आडनावांवरून, जमिनींवरून भांडणाऱ्या जुन्या लोकांनी कधीतरी हे शहाणपण केलं. बाहेर आजही भांडतात, पण हॉलमधलं कुणी उकरून काढत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला ही रीत फार आवडली होती.

हो म्हटलं. नाही म्हणायलाही ताकद लागते.

१९ ऑगस्ट

नानांनी मुद्दे लिहून दिले. देवश्रीने तिचे मुद्दे फोनवर पाठवले. हमास, रॉकेट, बसमधले स्फोट, ओलीस. वस्त्या, नाके, भिंत, घरं पाडणं. दोन्ही वाचले. दोन्हीकडची नावं वाचली, मेलेल्यांची, लहान मुलांचीही. पान उलटलं आणि कुकर लावला. मी अशी नव्हते. लहानपणी आजोळी अभनपुरात मामाची गाय मेली तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते म्हणतात.

पराग परत आला आणि त्याला दारात पाहूनही असंच झालं तर? कुकर लावायला गेले तर? भीती वाटायला हवी ना याची.

३१ ऑगस्ट

ढाल मिळाली.

नीट लिहिते. तात्यापाऱ्यातला मंडळाचा हॉल भरला होता. पहिल्या रांगेत नाना, इस्त्रीचा सदरा घालून. माझ्या वाट्याला आधी कब्जा आला. उभी राहिले आणि देवश्रीचे सगळे मुद्दे गेले. सालं गेली, ठराव गेले. माईक पुढ्यात. मग जे माहीत होतं तेच सांगितलं. म्हटलं, माझा नवरा ज्या माणसाच्या जागेवर काम करतो त्याचं नाव नबील. त्याने कुणाला मारलं नाही. मारलं दुसऱ्यांनी, काम याचं गेलं. तो आता चोरासारखा भिंत चढून येतो आणि ज्या इमारतीत आधी छातीवर बिल्ला लावून जायचा, तिच्या तळघरात लपून काम करतो. तिथेच झोपतो. त्याला मुलगा असेल तर तो मुलगा हे बघत मोठा होतोय. मूळ शोधायचं तर तिथेही बघा.

टाळ्या झाल्या. चहा झाला. बटाटेवडा होता.

मग पालट. इंजिनिअरचं सांगितलं. म्हटलं, त्याच्या बहिणीने कुणाची जमीन घेतली नव्हती. ती घरात होती. कारणं सगळ्यांकडे असतात, पण कारण आहे म्हणून कुणाच्या दारात बंदूक घेऊन जायचं की नाही, हे त्या दिवशी माणूस स्वतः ठरवतो. जे ठरवून आले त्यांना इतिहासाने ढकललं असं म्हणणं म्हणजे त्यांना माणूसच न मानणं. आणि तो इंजिनिअर आता पाटी पडली तरी भिंतीला चिकटतो. मूळ शोधायचं तर त्या दाराशीही बघा.

पुन्हा टाळ्या. तेवढ्याच. बाबारावांनी डोळे पुसले, खरंच पुसले. मी उभी होते तिथे. तहान लागली होती, बाकी काही नाही.

घरी येताना नाना रिक्षात एवढंच म्हणाले, "चांगली बोलली." तळघराबद्दल अक्षर काढलं नाही. नियम म्हणजे नियम.

२ सप्टेंबर

देवश्रीने माझ्या भाषणाची क्लिप टाकली. फक्त पहिल्या फेरीची. वर लिहिलं — "मेरी वहिनी, जिनके पति वहीं काम करते हैं।" पराग राहतो त्या शहराचंही नाव. "दूसरा वाला लंबा था," म्हणाली, "और सच तो पहला वाला ही है न।" तिकडे बाबारावांनी दुसरी फेरी आपल्या सगळ्या ग्रुपांवर पाठवली.

आता निम्मं रायपूर मला शाबासकी देतंय आणि निम्मं विचारतंय, काय झालं हिला. अभनपूरहून मावशीचा फोन, "तू काहून त्यायच्या बाजूनं बोलून राहिली?" तिला पालट फेरी समजावून सांगितली. "म्हणजे दोन्हीकडून खोटं बोलायचं?" म्हणाली.

६ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. गल्लीत विसर्जनाचे ढोल. परागचा फोन आला, एका कानात बोट घालून बोलले.

"क्लिप आली इथं. आपल्या पोट्ट्यायच्या ग्रुपवर. मुकादम आपल्याकडचाच, त्यानंबी पाहिली. एकानं त्याले हिंदीत करून सांगितली."

"बरी होती का?"

"चांगली बोलली." ढोल पुढे गेल्यावर म्हणाला, "तळघराचं काहून सांगितलं?"

"मंडळाचं होतं ते, पराग. पालट फेरीतलं."

"हव," तो म्हणाला.

देवश्रीला सांगून क्लिप काढायला लावली. तिने लगेच काढली, तोंड एवढंसं करून. पण पुढे गेली ती गेलीच, असं तीच म्हणाली.

१३ सप्टेंबर

परागला दुसऱ्या साइटवर टाकलं. "असंच करत राह्यते हे लोक," म्हणाला. मी नबीलचं विचारलं.

"तो येत नाही आता."

"गावी गेला असेल," मी म्हटलं. मागच्या ट्रकने हॉर्न दिला, तेव्हा फोन ठेवला.

चूक झाली एवढं कळतंय. पावतीवर चुकीचा नंबर पडला की जसं कळतं, तसं. आत लागत मात्र नाही.

२७ सप्टेंबर

नाना आणि देवश्री आता इस्रायल-पॅलेस्टाईनवर भांडत नाहीत. माझी कुठली फेरी जास्त चांगली होती यावर भांडतात. मला विचारलं. म्हटलं, वडा चांगला होता.

१० ऑक्टोबर

तिकडे युद्धबंदी. नानांनी पेढे आणले.

बाबाराव म्हणाले, "पाहा, शेवटी ताकदीनंच होते." देवश्री म्हणाली, "ताकत से होता तो दो साल लगते क्या?" दोघांच्या तोंडात एकाच डब्यातला पेढा. नाना हसले. फार दिवसांनी या घरात कुणी हसलं. मीही खाल्ला. गोड होता.

परागला फोन केला. "हो, ऐकलं," म्हणाला. साइटवर सगळे नाचले म्हणे. तो इंजिनिअर दिसला का विचारलं, तर ती साइट सुटली म्हणाला. विसरलेच होते.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. देवश्रीने फोनवरच भावाला ओवाळलं. निरांजनाची काजळी लागून फोनचा पडदा धुरकट झाला तेव्हा पराग म्हणाला, "आता पुढच्या वर्षी समोरच ओवाळ. मी सही नाही केली. नोव्हेंबरात येतो."

देवश्री किंचाळली. नाना आत गेले आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत बसले. जूनपासून मी ज्या एका वाक्याची वाट बघत होते ते हेच. मी शिरा केला. बदाम घालून केला.

शिरा ढवळताना वाटलं, आता आत काहीतरी सुटेल. थांबले. चिकटायला लागला म्हणून पुन्हा ढवळला.

एक मात्र खटकलं. तो देवश्रीकडे बघत होता, नानांकडे बघत होता. माझ्याकडे बघितलं नाही. फोन देवश्रीच्या हातात होता, म्हणून असेल.

३० ऑक्टोबर

नबीलला सप्टेंबरमध्येच पोलिसांनी धरलं. तळघरातूनच. पराग आज सांगतोय.

नबीलच्या बायकोने परागला फोन करून विचारलं, तो तिथे झोपतो हे कुणाकुणाला माहीत होतं?

"मी सांगितलं, फक्त मले माहीत होतं."