कान ठणठणीत असल्याचे तीन दाखले

६ फेब्रुवारी

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि. वहिनीला आणि नातवंडांना माझी आठवण सांग.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. तू निवृत्त होऊन मुलाकडे गेलास आणि आमच्या घरासमोरची कारखान्याची शेड विसरलास वाटतं! दिवसभर घण चालू असतात. कपाटातली भांडी थरथरतात, फोनवर ‘हॅलो’च्या पुढे गाडी जात नाही. संध्याकाळी भोंगा झाला की हे घरी येतात, आणि विषय यांचाच आहे. यांच्यासमोर कसं बोलणार?

दादा, हे माझ्याशी बोलत नाहीत. भांडण झालेलं नाही. मी काही विचारलं तर दहातल्या आठ वेळा उत्तरच येत नाही. छकुलीने शाळेत म्हणायची कविता चार दिवस घोकली आणि यांना म्हणून दाखवली. हे पेपर वाचत बसले. पोरीचा चेहरा एवढासा झाला. मी म्हटलं, कान तपासून घ्या. तर ट्रंकेतून कारखान्याचे तीन वर्षांचे दाखले काढून पुढे ठेवले. कान ठणठणीत! खाली परिचारिकेची सही, तिच्या शेजारी फोरमन म्हणून तुझी. म्हणजे ऐकू सगळं येतं, फक्त माझं ऐकायचं नाही. बारा वर्षांनी माणूस असा विटतो का रे? तू यांना माझ्याआधीपासून ओळखतोस. माझं काय चुकलं ते खरं सांग.

तुझा जीव माझ्यावर आहे तसाच राहू दे.
धाकटी

१३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. तुझी वहिनी म्हणते, नवरा ऐकत नाही ही तक्रार घेऊन रांग लावली तर तुझा नंबर तिच्यानंतर.

अगं, दिवसभर लालभडक लोखंडासमोर उभा राहणारा माणूस घरी आल्यावर गप्प बसतो. मीही बसायचो. लगेच विटला वगैरे म्हणू नकोस. आमच्या शेडमध्ये आवाजात कोणी बोलतच नाही, नुसत्या हातवाऱ्यांवर आठ तास निघतात. जिभेची सवय मोडते. त्याला उगीच ‘उस्ताद’ म्हणत नाहीत. घणाचा ठोका चुकला तर अख्ख्या रांगेत तो पहिला ओळखतो. पायाला हादरा कळतो त्याला.

तू त्याच्यासमोर बसून, त्याच्याकडे बघून बोलत जा. गडबडीने काही ठरवू नकोस. दाखल्यांचं एवढं मनावर घेऊ नकोस, कागद तो कागद.

छकुलीला कविता मला लिहून पाठवायला सांग.
माया आहेच, ती सांगायला हवी का?
दादा

२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. तुझं पत्र गोड होतं, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं.

मोठ्या घणाचा पाया खचला म्हणून शेड आठ दिवस बंद आहे. गल्ली कशी झाली आहे सांगू? शेजारीण अजून ओरडूनच बोलते आणि मग स्वतःच ओशाळते. तान्ही मुलं दुपारची झोपतात. अंगणातल्या झाडावर साळुंक्या आल्या आहेत. इतकी वर्षं त्या शेडपलीकडच्या ओढ्याला असायच्या, इकडे फिरकायच्या नाहीत.

त्या शांततेत मला धीर आला. काल हे दाराकडे तोंड करून छकुलीचा बूट शिवत होते. मी मागे उभी राहून सगळं बोलले. एकटं पडल्यासारखं होतं हे सांगितलं. येत्या रविवारी पोरीला घेऊन मैत्रिणीच्या वरच्या खोलीत राहायला जाणार, हेही सांगितलं. तुम्ही नको म्हणालात तर थांबेन, असं मी शेवटी म्हणाले. दहा मिनिटं बोलले असेन. मग हे वळले, माझ्याकडे बघून छान हसले आणि चहा होईल का म्हणून विचारलं.

दादा, माणूस मारतो तेसुद्धा परवडलं. मी सामान बांधते आहे.
तुझी
धाकटी

५ मार्च

धाकटे,
आशीर्वाद द्यायला आज हात उचलत नाही. हे पत्र तुझ्या वहिनीचा भाऊ स्वतः घेऊन येतो आहे. रविवारच्या आत मिळायला हवं.

त्याने तुझं एक अक्षरही ऐकलेलं नाही. त्याला ऐकूच येत नाही.

ती तपासणी कशी होते ते सांगतो. काचेच्या खोलीत कामगार बसतो, कानाला यंत्र लावतो. बारीक सूर ऐकू आला की हात वर करायचा. सूर वाजतो तेव्हा परिचारिकेच्या यंत्रावर हिरवा दिवा लागतो. मी तिच्या मागे उभा असायचो. पहिल्या वर्षी चार दिवे लागून गेले तरी उस्तादचा हात खाली. त्याने काचेतून माझ्याकडे पाहिलं. तसं बघताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. पुढचा दिवा लागला आणि मी मान हलवली. त्याने हात वर केला. तीन वर्षं आम्ही हेच केलं, आणि एकमेकांशी त्याबद्दल कधीच बोललो नाही.

कान गेला की घणावरून काढून गोदामात बसवतात. तिथे त्याला कोणी उस्ताद म्हणालं नसतं. मला वाटलं, मी बहिणीचं घर राखतोय. खरं तर पहिल्याच वर्षी तो गोदामात गेला असता तर उरलेलं ऐकू येणं तरी वाचलं असतं. मी त्याला आणखी तीन वर्षं त्या आवाजात उभा केला. गेल्या पत्रातही मी हे लपवलं. तू रडत होतीस आणि मी विनोद करत होतो.

कारखान्याच्या डॉक्टरांना आजच लिहिलं आहे, की ते दाखले खोटे आहेत आणि दोष माझा आहे. तू जाऊ नकोस. जायचंच असेल, तर त्याच्या समोर बसून सांगून जा.
दादा

२० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. मी गेले नाही.

तुझं पत्र मी यांच्या हातात दिलं आणि समोर बसले. यांनी ते दोनदा वाचलं. मग रविवारी जाणार म्हणजे कुठे, असं विचारलं. मी सगळं पुन्हा सांगितलं, तोंडाकडे बघत, सावकाश. पठ्ठ्या रडला. म्हणाले, कळलं तर तू माझी कीव करशील म्हणून गप्प राहिलो. मी म्हटलं, त्यापेक्षा केली असती कीव! आता मोठ्या दवाखान्यात दाखवलं आहे. एका कानाला यंत्र बसेल, दुसऱ्याला उपयोग नाही. सोमवारपासून गोदामात आहेत. छकुली यांच्या गुडघ्यावर बसून कविता म्हणते, ओठांवर बोट ठेवून नीट बघायला लावते.

हे तुझ्यावर रागावलेले नाहीत. म्हणतात, मान त्याने हलवली पण हात मीच वर केला. मी मात्र रागावले आहे. सध्या येऊ नकोस.

आणखी एक. काचेच्या खोलीबाहेर तपासणीच्या रांगेत यांच्या मागे घणावरचे चौघे उभे असायचे. त्यांच्यासाठीही तू मान हलवायचास, असं हे म्हणतात. तुझ्या पत्रात फक्त यांचाच उल्लेख आहे. डॉक्टरांना लिहिलंस त्यात त्या चौघांची नावं होती का? नसतील, तर आधी ते पत्र लिही आणि मग मला लिही. त्यांच्याही घरात कोणीतरी पाठीमागे उभं राहून बोलत असेल.

लोभ होता तेवढाच आहे. कमी होत नाही, हाच त्रास आहे.
धाकटी