छत्तीस तारा

प्रिय संयू,

रोज फोनवर बोलतो आणि आता हे पत्र कशाला, म्हणून घाबरू नकोस. पुनी बरी आहे, शाळेत जाते, वहिनीच्या हातचं पोटभर जेवते. फक्त माझा फोन पुनीच उघडते, मेसेज वाचते, म्हणून कागद घेतला.

तू पाठवलेला ऑटोहार्प अख्ख्या शिवाजी पेठेनं बघून झाला. छातीशी धरायचा, बटण दाबलं की नको त्या तारा गप्प होतात, उरलेल्यांवरून हात फिरवायचा. नऊ वर्षांच्या पोरीला सहज जमतंय, म्हणालीस. पण आधी छत्तीस तारा सुरात लावायच्या! दूध डेअरीतला माणूस मी, मला सूर कुठला कळतोय? पहिल्याच दिवशी तार ताणायची चावी जास्त पिळून एक तार तोडली, सोबत आलेली जादाची तार चढवली. मग तू तिकडं स्वतःसाठी घेतलेला तसलाच हार्प घेऊन फोनवर एकेक तार वाजवायचीस, पुनी कान लावून "मामा, अजून वर" म्हणायची, मी चावी फिरवायचो. तास जायचा. विश्वजित दाजी वारले, तू नर्सची नोकरी धरून आयर्लंडला गेलीस, त्यानंतर पोरगी एवढी हसलेली मी बघितली नव्हती.

आठव्या दिवशी सगळ्या तारा लागल्या. पुनीनं हात फिरवला, घर भरून गेलं. तू टाळ्या वाजवल्यास आणि "आता जमलं की" म्हणून फोन ठेवलास.

दुसऱ्या दिवशी तारा उतरलेल्या. मग रोजच. मी हवेला दोष दिला, तू वाद्याला. परवा म्हणालीस, "सूर दाखवणारं यंत्र पाठवते, मग माझी गरजच लागणार नाही."

काल मी लवकर घरी आलो. पुनी पलंगावर बसून चावीनं एकेक तार सैल करत होती. मी चावी हिसकावून ओरडलो गं. व्हय, लई ओरडलो. ती रडली नाही. म्हणाली, "सूर लागला की आई धा मिनटात फोन ठेवती. जेवलीस का, अभ्यास केलास का, ठेवू का. तारा उतरल्या की तासभर थांबती."

चावी तिच्या हातात परत दिली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो.

तुझा करार अजून दोन वर्षांचा. ये म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिला रागावू, की तिच्यासोबत बसून तारा सैल करू, तेही कळत नाही. एवढंच सांगायला लिहिलं. ते यंत्र पाठवू नकोस, संयू.

तुझाच,
कृष्णातदादा