वेगळी चूल

१९ जून २००४
आईला जाऊन चार दिवस. गावच्या घरीच आहे, खोडाळ्याच्या वरच्या पाड्यावर. ऑफिसला रजेचा अर्ज पाठवला.
आईला जिथे ठेवलं होतं तिथे गोडेतेलाचा दिवा. दहाव्यापर्यंत विझू द्यायचा नाही. घरात उजेड तेवढाच. धाकट्या भावाच्या, किसनच्या, दोन्ही मुली त्याच्याभोवती बसून जेवतात. भावजय वनिता म्हणाली, "म्हातारीच्या दिव्यानं तरी ताट दिसतंय." सहज म्हणाली.

२० जून
किसनने आज सांगितलं, मी विचारलं म्हणून. चूल पेटवायला आई पहाटे उठली. चिमणीत रॉकेल नव्हतं. जळणाची वरची फाटी ओली, म्हणून पडवीतल्या ढिगाखालून कोरडं ओढत होती. मण्यार चावला. खोडाळ्याला नेईपर्यंत...
"दिसलंच नाय तिला," एवढंच म्हणाला. माझ्याकडे न बघता.

२२ जून
लिहून ठेवतो. नाहीतर उद्या मन दुसरंच काही सांगेल.
दिवाळीत जव्हारला गॅस घेतला. बायकोला, सु.ला, धुराने दम लागायचा. दोन सिलिंडर घेतले, एक संपला तर तिचं अडायला नको. कागदांना घरचंच रेशनकार्ड जोडलं. सगळ्यांचं मिळून एकच, आईच्या नावाचं. जव्हारला वेगळं काढतो म्हटलं की आई म्हणायची, "कारड येक तं घर येक." एजन्सीत त्यावर गॅसचा शिक्का मारला. माझ्यासमोर. मी पेढे घेऊन घरी आलो.
शिक्का म्हणजे रॉकेल बंद. किसनला ते दुकानदाराने परत पाठवलं तेव्हा कळलं. होळीला म्हणाला, "दादा, त्या शिक्क्याचं काय तरी कर." म्हटलं, बघतो. दोनदा जीपवाल्याबरोबर रॉकेलचा कॅन पाठवला. तिसऱ्यांदा राहिला.
असे अर्ज ऑफिसात लोकांना मीच लिहून देतो.

२५ जून
काल दहावा झाला. दिवा काढला. संध्याकाळी आत गेलो तर कोण कुठे बसलंय कळेना. धाकटी म्हणाली, "आजीचा दिवा अजून ठेवा ना."

३ जुलै, जव्हार
ऑफिस सुरू. सु. म्हणाली, "गॅस परत करून टाका. मला धुराची सवय होती." नव्हती. उशा रचून बसून झोपायची.
एजन्सीत विचारलं. परत करता येतो, पण शिक्का निघायला तहसीलचा आदेश लागतो, त्याला किती दिवस ते कोणी सांगेना. त्यापेक्षा किसनचं विभक्त, बिनशिक्क्याचं कार्ड लवकर होईल.

११ जुलै
काल मोखाड्याहून फॉर्म आणला, तसाच वर गेलो. आईचा मृत्यूचा दाखला, दोघा भावांच्या सह्या, आणि दोघांची चूल वेगळी असल्याचा तलाठ्याचा पंचनामा. किसनने बोट ठेवून सगळं वाचलं.
"आय जाऊन म्हयना नाय, नि वाटनी?"
"वाटणी नाही रे. कागदापुरतं."
"शिक्का पन कागदावरच मारला व्हता."
फॉर्म घडी घालून माझ्या पिशवीत ठेवला. हळूच ठेवला, त्याचंच जास्त लागलं.

१८ जुलै
पुन्हा वर. किसनची मोठी आठवडाभर शाळेत गेली नव्हती. चुलीभोवती ओली फाटी उभी करून वाळवत होती, पेट घेतील म्हणून राखण. सगळं घर धुराने भरलेलं, डोळे लाल. सु.चे असायचे तसे.
विजेचे खांब खालच्या रस्त्यापर्यंत आलेत, तारा नाहीत. शेजारचा गंगामामा म्हणाला, "गुरं बांधायला बरं झालं." तो एकटाच हसला.
मागच्या खेपेला मी आणलेला रॉकेलचा कॅन पडवीत तसाच, बूचही काढलेलं नाही. किसनने हात लावू दिला नाही म्हणे. तो भाताच्या आवणीला गेल्यावर वनिता बोलली. "दादा, सही करून घ्या. ह्यांना घर फुटायचं भ्या. मला अंधाराचं हाय. पोरी हात घालतात त्याच फाट्यांत."

१ ऑगस्ट
किसनने फॉर्मवर सही केली. वनिता काय बोलली माहीत नाही. पेन हातात घेऊन विचारलं, "आयचं नाव कोनच्या कारडात?"
"कुणाच्याच नाही."
पेन खाली ठेवलं. मग उचललं.

९ ऑगस्ट
आज तलाठी भाऊसाहेब पंचनाम्याला आले. पडवीत खाटेवर बसले. "काय रे किसन, क्लार्कचा भाऊ नि अंधारात?" म्हणाले.
मग वही काढून, "मोठ्या भावाची चूल वेगळी ना?"
"चूल हीच. आयनं घातलेली. दादा आला का हितंच जेवतो."
"अरे, जव्हारला त्याची वेगळी आहे की नाही?"
"तिकडं गॅस हाय."
"म्हणजे वेगळी."
"मी तसं नाय बोललो."
भाऊसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. वनिता आतून आली. "लिवा, वेगळी हाय. भाकर मी करते, मला ठावं." किसनने तिच्याकडे बघितलं नाही. भाऊसाहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही सरकारी माणूस. तुम्ही सांगा."
मी म्हणालो, वेगळी आहे.
किसन उठला आणि खाचराकडे गेला. पावसाचं इरलंही घेतलं नाही. भाऊसाहेबांनी लिहिलं, पंचनाम्यावर माझी सही घेतली. किसनची राहिली आहे. त्याच्या सहीशिवाय पुढे जाणार नाही म्हणाले, चार दिवसांनी माणूस पाठवतो.
वनिताने आम्हा दोघा भावांची पानं वाढून ठेवली आहेत. उजेड आहे तोवर जेवून घ्यायचं असतं इथे. ती दोनदा म्हणाली, "दादा, बसा तुमी." दारात बसून हे लिहितो आहे. किसन अजून आलेला नाही. पानावर बसलो नाही.