ह्यांच्या आठवणी आणि नवा लॅपटॉप

मंगळवार, संध्याकाळ

जुना लॅपटॉप मधेच बंद पडतो, म्हणून नवा बघायला गेले. ह्यांनी लिहिलेल्या आठवणींचा पेन ड्राइव्ह बरोबर नेला. हे गेल्यावर तेवढंच उरलंय, तेही जुन्या मराठी फॉन्टमध्ये.

विक्रेता म्हणाला, "काकू, मॅक घ्या नाहीतर विंडोज, सगळं चालतं." म्हटलं, मग उघडून दाखवा! मॅकला पेन ड्राइव्ह लावायला जागाच नाही. विंडोजवर उघडलं, तर पानभर नुसती चिन्हं.

"फाइल जुनी आहे, काकू."

"मीही जुनीच. माझं बोलणं कळतंय ना?"

"काळजी करू नका, काकू. पेन ड्राइव्ह ठेवून जा, उद्या बघतो."

ठेवून जा? एवढं गोड कशाला बोलतोय? पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि निघाले.

घरच्या जुन्या लॅपटॉपवर सगळं अजून नीट दिसतंय. पहिलं पान आत्ताच वहीत उतरवलं. सगळी पानं उतरली, की मग कुठलाही लॅपटॉप चालेल.