मल्हारला कडेवर घेण्याबाबत

लिहून ठेवणार आप्पाराव किशनराव बिरादार, वय चौऱ्याहत्तर, धंदा शेती, राहणार कमलनगर, जिल्हा बीदर. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. कुणी भरीला घातलेलं नाही. याआधीची तिन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. हे चौथं. आता फाडणार नाही असं बायकोला सांगितलंय. तिचा विश्वास नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नी चंद्रभागाबाई हिला. माझा नुसता खाकरा ऐकला तरी ती बोलता बोलता गप्प व्हायची. आता तिनं फोनवर पाहिजे तितकं बोलावं.

२. मी स्वतः घेतलेली नऊ एकर जमीन मुलगा धनराज याला. कॅनडा सोडून गावी राहायला आला तरच, अशी अट आधी घातली होती. ती काढली. का काढली ते लिहितो, नाहीतर भावकी म्हणेल म्हातारा पोराला भ्याला.

आमच्यात वडिलांसमोर स्वतःचं लेकरू उचलत नाहीत. मर्यादा पाळायची असते. माझे वडील ओसरीवर बसलेले असायचे, धनराज रांगत माझ्या पायाशी यायचा, मी पाय बाजूला घ्यायचो. वडील वारले तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं. मग काय उचलणार? मग छडीच राहिली.

मागच्या वर्षी त्याच्याकडे कॅनडाला गेलो. सून रेणुका कामाला जायची आणि हा चार वर्षांच्या मल्हारला कडेवर घेऊन भात शिजवायचा, तेही माझ्या डोळ्यांसमोर. दोन महिने दात आवळून बसलो. एका दुपारी बोललोच, "खाली ठेव त्याला. मी बसलोय, दिसंना का तुला?"

"अप्पा, ताप हाय त्याला."

"ठेव म्हणलं न्हवं."

आणि त्यानं ठेवलं. बेचाळीस वर्षांचा माणूस, स्वतःच्या घरात. पोरगं त्याच्या पँटीला धरून रडायलं, आणि धनराजनं पाय बाजूला घेतला. अगदी माझ्यासारखा.

मला "उचल" म्हणायचं होतं, तोंडातून निघालं नाही. मी उठून आत गेलो, म्हणजे तरी तो उचलेल. रडणं थांबायला फार वेळ लागला. आठ दिवसांत परत आलो. चौदा महिने झाले, त्याचा फोन आईलाच येतो.

३. वेताची छडी काल चुलीत घातली. शोधू नये.

४. चुलतभाऊ श्रीपतराव याला काही नाही, बांधावरची बाभूळसुद्धा नाही. भर लग्नात तो म्हणाला, "तुझा धनराज भांडी घासायलाय म्हणं." लोक हसले. मीही हसलो, ते मला अजून सलतं.

५. मी गेल्यावर मला ओसरीवर ठेवतील, भावकी जमेल. तेव्हा धनराजनं मल्हारला कडेवर घेऊन माझ्यासमोर उभं राहावं. श्रीपतराव खाकरेल. त्याला हा कागद दाखवावा.

वकील म्हणतात, कलमं मेल्यावरच लागू होतात. मला तेवढा धीर नाही. म्हणून याची एक प्रत आजच धनराजला पाठवतो आहे. बाळा, दिवाळीला ये. मी ओसरीवर बसलेला असेन. पोराला खाली ठेवू नको.

साक्षीदार: सिद्धप्पा (शेजारी), सही. गुरुशांतप्पा (निवृत्त शिक्षक), सही. यांनी पाचवं कलम दोनदा वाचलं.

कमलनगर, दि. ९ सप्टेंबर २०२५
आप्पाराव किशनराव बिरादार, सही