ट्रेमध्ये पडणारी शाई

आई, आज सकाळी दुकान उघडलं तेव्हा भिंतीवरचा थर्मामीटर दहाच्याही खाली होता. तू असतीस तर मला तो बघावाही लागला नसता. सायखेड्यात पहाटेच झेंडू तोडून झाला की तू फोन करायचीस आणि इकडे नाशिकला मी चहा गाळत असायचे. दहिवर लय पडलंय, बोटं वाकडी झाली, एवढं तू म्हणालीस की मला कळायचं, आज बॅनर छापायच्या मशीनचा हीटर लवकर लावायचा. गारठ्यात शाई दाट होते, थेंब छपाईच्या हेडमधून जडपणे सुटतो आणि बॅनरवरची अक्षरं फाटल्यासारखी दिसतात. मग थेंबाला जोर यायला व्होल्टेज जरा चढवायचं. उन्हाळ्यात सगळं उलट. शाई पातळ होते, एका थेंबामागे दहा शिंतोडे उडतात, तेव्हा व्होल्टेज उतरवायचं. थंडी असो की ऊन, थेंब तेवढाच पडला पाहिजे, म्हणजे वाढदिवसाच्या बॅनरवरचे आमचे भाऊ-दादा बारा महिने सारखेच गोरेपान दिसतात. एवढीच माझी विद्या, आणि त्यातली हवामानाची बाजू तू सांभाळायचीस, तुला न कळता.

दुकानात तू एकदाच आलीस. फुलं विकून झाली होती, रिकामी पाटी उंबऱ्याशी ठेवून तू फ्लेक्सच्या रोलवर बसलीस. मशीनला काम नव्हतं, तरी हेड कडेला जाऊन खालच्या ट्रेमध्ये थोडी थोडी शाई उडवत होतं. तुला ते पाहवेना. "छापत नाय काय नाय, मग सांडती कशाला गं ती?" तू विचारलंस. मी सांगितलं, नुसतं बसून राहिलं की त्याच्या बारीक भोकांची तोंडं सुकतात, मग कामाच्या वेळी थेंब बाहेर येत नाही. म्हणून मधूनमधून उगाच उडवायची. तू वाकून ट्रेमध्ये पाहिलंस. मग पिशवीत राखून ठेवलेली झेंडूची माळ मशीनला घालायला निघालीस आणि मी ओरडल्यावर ती स्टॅबिलायझरला घातलीस, तोही मशीनचाच भाऊ म्हणून. दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मी सवयीनं विचारलं, काही काम होतं का. "काय नाय," तू म्हणालीस, "शाई सांडते." पुढं तेच तुझं रोजचं उत्तर झालं. जेवलीस का, काय भाजी केलीस, शेजारणीची म्हैस व्याली, आदल्या दिवसाची सगळी शाई तू माझ्या कानात सांडायचीस आणि मी एका हातानं चहा गाळत हूं हूं करायचे.

तू गेलीस त्याला आता इतकी वर्षं झाली की घरमालकीण मला एकटीलाच ओळखते, माझं कुणी होतं हे तिला माहीत नाही. दुकानातही बोलायचं काम उरलेलं नाही. गिऱ्हाईक मोबाइलवर फाइल पाठवतं, मी नमुना पाठवते, तिकडून अंगठा येतो. बॅनर न्यायला येतात तेही कानाला फोन लावूनच. आधी मला ही शांतता बरी वाटायची. खोटं कशाला बोलू, अजूनही कधी कधी वाटते.

पण गेल्या आठवड्यात एक झालं. पौष चालू, लग्नं नाहीत, काम बसलेलं. दुकानमालक शेठनं मेसेज टाकला, मशीन बंद कर, शाई फुकट जातेय. मी केली आणि शनिवारपासून खोलीवरच राहिले. दूधवाला पिशवी कडीला लटकवून जातो, भाजी घरात होती. मंगळवारी दुकान उघडलं, तर एक माणूस मोबाइलवर फाइल पाठवून त्याच्या आईच्या दशक्रियेचा बॅनर न्यायला आला. छापायला लावला तर त्या म्हातारीच्या चेहऱ्यावरून आडव्या पांढऱ्या रेघा. भोकं सुकली होती, व्हायचं तेच झालं होतं. थोडं थांबा, हेड साफ करून परत काढते, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही, नुसती हवा आली. खाकरले, पाणी प्यायले, तेव्हा कुठं चिरका आवाज निघाला. त्याला वाटलं सर्दी झालीय. मीही मान हलवली. हेड धुताना लक्षात आलं, शनिवारनंतर मी कुणाशी एक शब्दही बोलले नव्हते. आई, मी घाबरले. हेड धुवायला बाटलीतलं सॉल्व्हंट मिळतं, गळ्याचं काय? दुसऱ्या खेपेला म्हातारीचा चेहरा स्वच्छ आला, त्या माणसानं जपून त्याची गुंडाळी केली, आणि मला त्याच्याशी दोन शब्द बोलायचे होते तेही सुचले नाहीत.

शेठला न विचारता मी ट्रेमध्ये शाई उडवणं परत सुरू केलं. हे लिहितेय ते जुन्या टेस्ट प्रिंटच्या पाठीवर, आणि लिहून झालं की ते रद्दीतच जाणार, पाठवायचं कुठं? पण एक गोष्ट सांगायची राहिलीय. काल लोनवाल्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला. एरवी मी लगेच कापते. काल तिला सगळं बोलू दिलं. पाठ केलेलं ती घडाघडा म्हणाली आणि शेवटी विचारलं, "मॅडम, तुम्हाला काही विचारायचंय का?"

"जेवलीस का गं?" मी विचारलं.

पलीकडं तिचा तो मॅडमवाला आवाज गळून पडला. "नाय अजून," ती म्हणाली, "डबा हाय, पण सुट्टी व्हायचीय." नांदगावकडची निघाली, इथं मैत्रिणींबरोबर राहते. लोन मला नको आहे, आई. तरी विचार करून सांगते म्हणाले. परत कधी करू, असं तिनं विचारलं, तेव्हा मी सकाळची वेळ दिली, चहा गाळायची.