झोपेच्या गोळीचे आठ डॉलर

४ मार्च, सोमवार
सैनिक दवाखान्याचं बिल आलं. झोपेच्या गोळ्या, महिन्याचे आठ डॉलर. लढाईमुळे जडलेलं दुखणं फुकट, बाकीच्यात आपला वाटा भरायचा, असा नियम. म्हणजे माझा गुडघा फुकट आणि झोप विकत. उघड चूक आहे. आठवड्याभरात सगळ्यांना सरळ करतो.
वर्ना म्हणाली, आठ डॉलरसाठी एवढा आरडाओरडा कशाला. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, बायकोला अजून तत्त्व कळत नाही.

६ मार्च, सकाळी १०
काउंटी ऑफिसात माजी सैनिकांचे कागद बघणाऱ्या मिसेस प्रुइटना भेटलो. मला सार्जंट म्हणाल्या. मी त्याच्या खालचा, कॉर्पोरल होतो, पण बाईमाणसाला तोंडावर कशाला पाडा. त्यांनी फाइल काढली. गेल्या वर्षी डॉक्टरने विचारलं होतं, झोप का येत नाही? मी सांगितलं होतं, कॉफी. तेच लिहून ठेवलंय. कॉफी लढाईत मोडत नाही म्हणे. मी म्हटलं, प्यायला तिथेच शिकलो. बाई हसल्या नाहीत.
उपाय सोपा आहे. तिकडे लढाईत काय घडलं ते पानभर लिहून द्यायचं. नाहीतर ज्याने बघितलं त्याने लिहायचं. बघायला माझ्या तुकडीतला लेलंड होता, आणि तो त्याच दिवशी मारला गेला, एकोणसत्तर साली. म्हणजे मलाच लिहावं लागणार. एकच तर पान! शनिवारपर्यंत हातावेगळं करतो.

९ मार्च, शनिवार
लिहिलं: तारीख, कालवा, पाऊस. मग पेन बिघडलं.
दुपारी लेलंड व्हरांड्यात येऊन बसला. भूतबीत मी मानत नाही. तो नुसता बसतो. बूट ओले असतात म्हणून पायपुसण्यावरच ठेवतो, वळणाचा पोरगा. अजून एकोणीसचाच आहे. मी एकाहत्तर. आमचं बोलणं होत नाही.

१३ मार्च
नवं पेन आणलं. शिवाय कॉफी कायमची बंद.
लिहिलं: गोळीबार सुरू झाला. लेलंड पाण्यात पडला, हाका मारत होता. मी परत जाऊ शकलो नाही, कारण पाय मुरगळला होता. वाचून बघितलं. झकास उतरलं होतं. फाडून टाकलं, अक्षर वाईट आलं होतं.

१४ मार्च, सकाळी ७
कॉफी तीन कप. थंडी फार आहे.

२० मार्च
विचारांती ठरवलं, भरून टाकावे आठ डॉलर. माणसाने एवढं कोतं असू नये. चेक लिहिला आणि वर्नाला सांगितलं, की मोठ्या मनाने वाद मिटवला. ती भांडी पुसत होती, पुसतच राहिली. मग म्हणाली, "ऑरिन, गप्प बसायचे आठ डॉलर तू देतोस. जागते मी."
काय म्हणायचं होतं कोण जाणे. ती पलीकडच्या खोलीत झोपते, तीही गाढ.

२५ मार्च, सोमवार
मिसेस प्रुइटचा फोन. बायकोने लिहिलेली साक्षही चालते म्हणे. वर्ना शुक्रवारीच देऊन आली. तिची प्रत स्वयंपाकघराच्या टेबलावर होती. बाईंना थांबायला सांगून वाचली.
'तो झोपेत म्हणतो, लेलंड, पाय मुरगळला नव्हता रे. मी घाबरलो. आठवड्यातून चारदा तरी म्हणतो. मी दाराशी उभी राहते. तो शांत झाला की जाते.'
एवढी वर्षं तिला ठाऊक होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
बाई फोनवर होत्याच. म्हणालो, ती कॉफी खोडा. त्यांनी विचारलं, मग तिथे काय लिहू, सार्जंट?
मी म्हटलं, कॉर्पोरल.
बाकीचं सांगायला फोन वर्नाच्या हातात दिला.